क्यूब नसलेल्या एक्केचाळीस गाड्या: अणुवीज प्रकल्पाच्या साइटवर क्वालिटी कशी बघायची

माझ्या बहिणीचा मुलगा सिव्हिल डिप्लोमा करून एका मोठ्या साइटवर क्यूसीत, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये लागला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, जो तो म्हणतो चेक कर. चेक करू म्हणजे नक्की करू काय?" मी एकतीस वर्षं हेच करत होतो. सिव्हिलमध्ये जास्त, वेल्डिंगमध्ये थोडं, आणि त्यातली बरीच वर्षं अणुवीज प्रकल्पांच्या साइटवर. आता विजयदुर्ग खाडीच्या काठी घर बांधून राहिलोय. फोनवर सांगायला बसलो तर दोन तास गेले आणि निम्मंही झालं नाही, म्हणून लिहून काढलं. त्याला तू म्हणून लिहिलंय, ते तसंच ठेवतो.

खाडी ओलांडून उत्तरेला गेलं की राजापूर तालुक्यात माडबनचा सडा लागतो. जैतापूरचा प्रकल्प म्हणतात तो तिथला: मूळ योजनेत १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच ईपीआर अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. तो व्हावा की होऊ नये यावर आमच्याकडे भाऊ-भाऊ बोलेनासे झालेत, त्यात मी इथे पडत नाही. पण याच नमुन्याची अणुभट्टी फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला २००५ मध्ये बांधायला घेतली, २००९ मध्ये वीज द्यायची होती, आणि नियमित वीज सुरू झाली २०२३ च्या एप्रिलमध्ये. फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ च्या डिसेंबरात काम सुरू झालं, ग्रिडला जोडली २०२४ च्या डिसेंबरात. सगळाच उशीर क्वालिटीमुळे नव्हे, पण बराचसा. तेव्हा तू ज्या खुर्चीवर बसलायस ती लहान नाही, पगार लहान असला तरी.

आधी माझी चूक ऐक

एका साइटवर पंपहाऊसच्या राफ्टचं, म्हणजे पायाच्या जाड स्लॅबचं काँक्रीटिंग होतं, तीनशे घनमीटर. मे महिना, म्हणून रात्रीच सुरू केलेलं. सहा घनमीटरची एक गाडी धरली तर पन्नास गाड्या. रात्री दोनच्या सुमाराला पंपाची लाइन चोक झाली. खाली चार टीएम (काँक्रीट आणणाऱ्या ड्रमच्या गाड्या) रांगेत घुरघुरत उभे. लाइन मोकळी होईपर्यंत सदतिसाव्या गाडीतला माल घट्ट व्हायला लागला. ड्रायव्हर खाली उतरला, ड्रम धुवायची नळी काढली आणि सरळ ड्रममध्ये सोडली. मी वर स्टेजिंगवर होतो. उतरून जाईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं गेली असतील. तोवर ड्रम फिरवून माल पंपाच्या हॉपरमध्ये पडायलाही लागला होता, मगाशी चिखलासारखा होता तो आता आमटीसारखा.

इनचार्ज म्हणाला, "अरे एका गाडीने काय होतंय? अर्धी तर आधीच गेलीय." मी गप्प बसलो. सकाळी सातला डोळे चोळत डायरीत लिहिलं, "काँक्रीटिंग पूर्ण, सर्व ठीक."

आता हिशेब कर. मालात घनमीटरला ४०० किलो सिमेंट, १६० लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४०. गाडीत तीन घनमीटर उरलेत आणि नळीने शंभर लिटर गेलं, तर घनमीटरला तेहतीस लिटर वाढलं. १९३ भागिले ४००, म्हणजे ०.४८. कोकणच्या किनाऱ्यावर काँक्रीटला आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, जी वरची मर्यादा आहे ती ०.४५. एका मिनिटात नळीने आपल्याला मर्यादेबाहेर नेलं.

अठ्ठावीस दिवसांनी क्यूब, म्हणजे त्याच मालातून ताकद तपासायला भरून ठेवलेले ठोकळे, फोडले, सगळे पास. होणारच. आयएस ४५६ प्रमाणे पन्नास घनमीटरपर्यंत चार सॅम्पल आणि पुढच्या दर पन्नासला एक. तीनशेला होतात नऊ. एका सॅम्पलला तीन क्यूब, पण ते एकाच गाडीतले. म्हणजे पन्नासपैकी नऊ गाड्यांचे क्यूब आहेत, एक्केचाळीस गाड्यांचे नाहीत. सदतिसावी त्या एक्केचाळिसांतली होती. अणुवीजच्या कामात सॅम्पल याहून जास्त घेतात, तरी प्रत्येक गाडीचा क्यूब कोणी काढत नाही.

ते काँक्रीट आज चांगलं आहे की वाईट, हे जगातला कुठलाही कागद सांगू शकत नाही, कारण कागदावर ती गाडी बाकीच्या एकोणपन्नास गाड्यांसारखीच आहे. माझ्या पाहण्यात क्वालिटीची बहुतेक प्रकरणं अशीच सुरू होतात. काँक्रीट एकीकडे जातं, कागद दुसरीकडे. तुझं काम त्या दोघांची गाठ सुटू न देणं. खाली लिहिलंय ते सगळं त्याच गाठीसाठी.

ड्रॉइंग हातात घेतल्यावर

पहिल्यांदा रिव्हिजन नंबर बघ. फोरमनच्या हातातलं ड्रॉइंग, तुझ्या हातातलं आणि डॉक्युमेंट कंट्रोलच्या रजिस्टरमधलं, तिन्ही एकच आहेत का? फोरमनच्या ड्रॉइंगची घडी पडून फाटलेली असते, त्यावर चहाचे डाग असतात, आणि ते त्याला तोंडपाठ असतं. म्हणूनच ते जुनं असण्याची शक्यता जास्त.

मग उत्तर दिशा बघ. हसू नकोस. कॅलिफोर्नियात डायब्लो कॅन्यनला दोन युनिट एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी होती. भूकंपासाठीच्या आधारांचा हिशेब करताना एका युनिटचं ड्रॉइंग दुसऱ्याला लावलं गेलं, ते १९८१ मध्ये उघडकीला आलं आणि मिळालेलं लायसन्स स्थगित झालं. त्याच राज्यात सान ओनोफ्रेला १९७७ मध्ये सव्वाचारशे टनांच्या आसपासचं रिअ‍ॅक्टर व्हेसल (अणुइंधन ठेवायचं जाड पोलादी भांडं) उलटं बसवलं, १८० अंशांत फिरलेलं. तिथे अडाणी माणसं नव्हती. प्रत्येकाला वाटलं आधीच्याने पाहिलं असेल.

सळ्या तपासताना

काँक्रीट पडायच्या आदल्या संध्याकाळी जा. सकाळी गेलास तर पंप लागलेला असतो, माणसं उभी असतात आणि तुझ्या 'थांबा'ची किंमत तासाला काही हजार झालेली असते. आदल्या संध्याकाळी तोच 'थांबा' फुकट असतो.

बरोबर टेप, चांगली टॉर्च, खडू आणि पानवाल्याकडे असतो तसला छोटा आरसा घे. भिंतीच्या जाळीत डोकं जात नाही, आरसा जातो. टॉर्च सरळ मारू नकोस, तिरपी धर, म्हणजे खाली पडलेली बाइंडिंग वायर, लाकडाचे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या दिसतात. पुडी लहान, पण ती शटरिंगला चिकटून बसली की कव्हरमध्ये, म्हणजे सळीवरच्या काँक्रीटच्या थरात, तेवढं भोक तयार.

व्यास, अंतर, लॅप (सळीवर सळी चढते ती लांबी) ही तिन्ही तर मोजशीलच. मी सर्वात जास्त वेळ कव्हरवर घालवायचो. आयएस ४५६ मध्ये किनाऱ्याजवळच्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर कव्हर, आणि लाटांचे तुषार उडतात तिथे ५०. हे अंतर राखणारा कव्हर ब्लॉक त्याच दर्जाच्या काँक्रीटचा हवा. आमच्याकडे मिस्त्री लोकांचा हात सवयीने चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या कपचीकडे जातो. जांभा स्पंजासारखा पाणी ओढतो. त्या कपचीतून खारं पाणी थेट सळीपर्यंत जातं. आणि बाइंडिंग वायरची शेपटं आत वळवायला लाव. बाहेर राहिली तर गंज तिथून आत शिरतो.

आपल्या किनाऱ्याची एक वेगळी गोष्ट पुस्तकात सहज सापडणार नाही. सळ्या बांधून झाल्या आणि काँक्रीटिंग कुठल्याशा परवानगीसाठी पंधरा दिवस लांबलं, तर वाऱ्याबरोबर आलेलं मीठ सळ्यांवर बसतं. बोट फिरवून जिभेला लाव, कळतं. साहेबासमोर करू नकोस, पण कर. असं असेल तर गोड्या पाण्याच्या प्रेशरने धुवून घे आणि धुतल्याची तारीख पोअर कार्डवर (त्या काँक्रीटिंगच्या तपासणीच्या कागदावर) लिही. सुटा पडणारा गंज वायर ब्रशने काढायचा. नुसती तांबूस झाक असली तर उगाच अडवू नकोस. क्यूसीवाला प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायला लागला की त्याचा खरा 'नाही' कोणी ऐकत नाही.

वाळूतलं मीठ

खाडीची वाळू हा आमचा जिव्हाळ्याचा विषय. घर बांधताना माझ्याच गावात ट्रकवाला म्हणाला होता, "तेका काय होना नाय, सगळ्यांची घरां हीच वाळू घालून झाली." आणि सगळ्यांच्या स्लॅबांचे पोपडे पडतायत, हेही खरं.

मोठ्या साइटवर क्रश सँड येते आणि लॅबचा रिपोर्ट येतो. तरी गाडी आली की स्वतः एकदा बघ. मूठभर वाळू डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवून ठेव, गढूळ खाली बसू दे, वरचं नितळ पाणी परीक्षानळीत घे. दोन थेंब नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेट. दह्यासारखा पांढरा ढग आला म्हणजे क्लोराइड आहे. किती आहे ते यातून कळत नाही, त्यासाठी लॅब. मर्यादा साध्या आरसीसीला घनमीटरमागे ०.६ किलो, तीही पाणी, खडी, सिमेंट, अ‍ॅडमिक्श्चर (मालात मिसळायचं रसायन) सगळं धरून. हातमोजे घाल, नाहीतर बोटं आठवडाभर काळी राहतील. मी पहिल्यांदा केलं तेव्हा विहिरीचं पाणी वापरलं होतं. वाळू टाकायच्या आधीच ढग आला.

गाडी आली की

इथे खरं युद्ध. गाडीच्या चलनावर बॅचिंगची वेळ असते, ती आधी वाच. मग स्लंप, म्हणजे माल किती सैल आहे ते मिलिमीटरमध्ये, मग तापमान. गरम हवेत ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या वर नको असं आयएस ७८६१ म्हणतं, आणि अणुवीजच्या जाड काँक्रीटला मर्यादा त्याहून बरीच कडक असते, म्हणून बर्फ घालतात. बर्फ वितळून पाणीच होतो, तेव्हा तो मिक्सच्या पाण्यातून वजा केलाय का, हे प्लांटवर जाऊन विचार. तसं न केल्याची उदाहरणं मी पाहिलीत.

तुझ्या वहीत चार रकाने पाड: गाडीचा अनुक्रम, चलनाचा नंबर, माल कुठे पडला ती ग्रिड आणि लेव्हल, वेळ. क्यूब घेतला असेल तर त्याचा नंबर पाचव्यात. पाचवा रिकामा असलेल्या गाड्यांवर जास्त नजर. ओल्किलुओटोला २००५ मध्ये पायाच्या राफ्टचं काँक्रीट झालं, त्यात पाण्याचं प्रमाण ठरल्यापेक्षा जास्त निघालं. फिनलंडच्या नियामक संस्थेने, स्टुकने, चौकशी केली आणि २००६ मध्ये अहवाल काढला. त्यातली मला सर्वात लागलेली गोष्ट ही: अणुवीजच्या कामात काय वेगळं लागतं, हे खालच्या उपकंत्राटदारांपर्यंत नीट पोचलंच नव्हतं. कंटेनमेंटच्या (अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त कवचाच्या) आतलं पोलादी अस्तर बनवणाऱ्यांना असल्या कामाचा अनुभव नव्हता. बॅचिंग प्लांटवरच्या माणसाला, टीएमच्या ड्रायव्हरला, कोणी सांगितलंच नसेल तर त्याच्या दृष्टीने ते पुलाचं काँक्रीट आणि हेही काँक्रीटच.

म्हणून माझ्या त्या रात्रीनंतर मी एक करायला लागलो. काँक्रीटिंगच्या आधी ड्रायव्हरांना चहा पाजायचो आणि सांगायचो, "माल घट्ट झाला तर मला हाक मार, अ‍ॅडमिक्श्चरचा डोस देऊ, नाहीतर गाडी परत जाईल. परत गेलेल्या गाडीची फेरी तुला मिळेल, ते मी बघतो." त्यांना पैसे फेरीवर मिळतात. पाणी ते बदमाशीने मारत नाहीत, फेरी बुडते म्हणून मारतात. हे इनचार्जकडून आधी कबूल करून घ्यावं लागतं, ते घे.

व्हायब्रेटरबद्दल थोडक्यात: निडल (त्याचा काँक्रीटमध्ये बुडवायचा दांडा) सरळ उभी खाली, आधीच्या थरात थोडी जाऊ दे, बुडबुडे थांबले की सावकाश वर. काँक्रीट निडलने ढकलत नेणारा दिसला तर हातातून काढून घे. दीड मीटरच्या वरून माल सोडू देऊ नकोस. पाऊस आला तर ताडपत्री आधीपासून जागेवर हवी. ढग दिसल्यावर स्टोअरला माणूस पाठवून उपयोग नाही.

शटरिंग उघडलं आणि मधमाश्यांचं पोळं निघालं तर

निघेल. दाट सळ्यांत हनीकोंब होतो, त्यात लाज नाही. लाज त्यावर रात्रीत सिमेंट फासण्यात आहे. अमेरिकेत इंडियानात मार्बल हिल नावाचा प्रकल्प होता. १९७९ मध्ये तिथल्या एका माजी कामगाराने शपथेवर सांगितलं की पोकळ्या वरवर लिंपल्या जातायत. तपास झाला, काम थांबलं. पुढे १९८४ मध्ये पैशांच्या ओझ्याखाली तो प्रकल्पच अर्ध्यावर सोडला.

तेव्हा शटरिंग उघडताना तू तिथे हवास, चहाला गेलेला नकोस. फोटो काढ, शेजारी टेप धरून. लांबी, रुंदी, खोली मोज, सळी दिसते का ते लिही, भोवती खडूने चौकट आखून नंबर टाक. मग हातोडी घे, साधी, पाचशे ग्रॅमची, आणि चौकटीबाहेर हातभर अंतरापर्यंत ठोकत जा. भरीव काँक्रीट टणत्कार देतं, हात झिणझिणतो. पोकळ असेल तिथे आवाज बद्द येतो, नारळ पिकला का ते बघताना येतो तसा फरक. कोकणातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. दुरुस्ती कशी करायची हे डिझाइनवाले ठरवतील. तोवर कोणी थापी घेऊन आलाच तर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा राहा.

हातोडीवरून कैगा आठवतं. कारवारपासून आत, घाटातला प्रकल्प. १३ मे १९९४ ला पहिल्या युनिटच्या आतल्या कंटेनमेंटच्या घुमटातून सुमारे १३० टन काँक्रीट सुटून खाली आलं. काँक्रीट भरून झालं होतं, प्रीस्ट्रेसिंगच्या (काँक्रीट दाबून धरणाऱ्या) केबल ताणायचं काम चालू होतं. १४ कामगार जखमी झाले, जीव कोणाचा गेला नाही. वक्र केबल ताणल्या की काँक्रीटच्या जाडीतून आरपार ओढ बसते, थर एकमेकांपासून सुटायला बघतात. डिझाइनमध्ये त्याचा पुरेसा विचार नव्हता, आणि त्यातच केबलच्या नळ्यांची दाटी. घुमट नव्याने डिझाइन करून बांधला, दोन्ही युनिट २००० मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली.

इथे क्यूसीवाल्याने काय करायचं होतं, असं मला एकाने विचारलं. क्यूब पास असताना, सळ्या ड्रॉइंगप्रमाणे असताना? खरं सांगायचं तर फार काही हातात नसतं. पण निडल जायला जागा नाही, नळीला नळी टेकलीय, हे सर्वात आधी तुला दिसतं, डिझाइनवाल्याला दिसत नाही. ते तोंडी कुरकुरत बसू नकोस. लेखी प्रश्न पाठव: 'अमुक ठिकाणी नळ्यांमधलं मोकळं अंतर इतकं मिलिमीटर, निडल इतक्या मिलिमीटरची, काँक्रीट कसं घुसवायचं?' आकडा असलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

वेल्डिंगकडे चक्कर मारताना

हे माझं मुख्य शेत नव्हे, म्हणून तीनच गोष्टी.

७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड आधी ओव्हनमध्ये भाजून, मग गरम पेटीतच वेल्डरबरोबर न्यायचे असतात. दमट रॉडमधून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडतो. आपल्याकडे जुलैत पापड अर्ध्या तासात मऊ पडतो, तिथे रॉडची काय कथा. पेटी उघडून बघ. मला त्यात एकदा रॉडच्या जागी डबा मिळाला होता, भाकरी आणि सुकट. वास दोन दिवस गेला नाही.

स्टेनलेस स्टीलचे पाइप समुद्रकाठच्या उघड्या यार्डात टोपणं न लावता ठेवलेले दिसले तर लगेच लिही. क्लोराइड आणि ताण एकत्र आले की स्टेनलेसला बारीक तडे जातात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या लोखंडाला वापरलेली ग्राइंडिंग डिस्क स्टेनलेसला लावू द्यायची नाही. खुणा करायचं मार्करसुद्धा कमी क्लोराइडचं लागतं.

तिसरी फिल्मची. एका साइटवर, नाव घेत नाही, मी दोन वेगळ्या जॉइंटच्या रेडिओग्राफी फिल्म (वेल्डच्या आतलं दाखवणाऱ्या, एक्स-रेसारख्या) व्ह्यूअरवर शेजारी शेजारी लावल्या होत्या. नंबर वेगळे, तारीख वेगळी. पण दोन्हीत उजव्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर तीन बारीक छिद्रं, त्रिकोणात. वेल्डच्या लहरी अंगठ्याच्या ठशासारख्या असतात, दोन जॉइंटच्या जुळत नाहीत. सोपा जॉइंट दोनदा काढून अवघड जागेच्या जॉइंटचा नंबर चिकटवला होता. त्या माणसाला शिडी लावून वर चढायचा कंटाळा आला होता, बस्स. तेव्हापासून मी फिल्म एकेक न बघता जोडीने बघायला लागलो.

सर्टिफिकेट वाचताना

खालची सही आणि शिक्का सगळेच बघतात. तू हीट नंबर (पोलादाच्या ज्या ओतीतून माल आला तिचा क्रमांक) बघ, आणि तोच नंबर प्लेटवर, पाइपवर पंच केलेला आहे का ते जागेवर जाऊन बघ. प्लेट कापली तर उरलेल्या तुकड्यावर नंबर उतरवलाय का? न उतरवलेला तुकडा म्हणजे बेवारस.

दक्षिण कोरियात २०१२ मध्ये बाहेर आलं की पाच हजारांहून जास्त सुटे भाग बनावट गुणवत्ता प्रमाणपत्रांवर अणुवीज केंद्रांत शिरले होते. दोन अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या. पुढच्याच वर्षी केबलच्या चाचण्यांचे अहवाल खोटे निघाले. कागद निर्दोष दिसत होते, आतले निकालच बदललेले होते. फ्लामानव्हिलचा प्रकार उलटा: व्हेसलच्या झाकणाच्या आणि तळाच्या पोलादात काही जागी कार्बन ०.३० टक्के निघाला, अपेक्षा ०.२२ ची होती. ते जाहीर झालं २०१५ मध्ये. तोवर व्हेसल जागेवर बसलं होतं.

तू सगळ्या चाचण्या पुन्हा करू शकत नाहीस. पण आलेल्या शंभरातला एक तुकडा उचलून, सप्लायरला न सांगता, दुसऱ्या लॅबला पाठवू शकतोस. तशी तरतूद प्लॅनमध्ये आहे का ते आधी वाच, बहुतेकदा असते आणि कोणी वापरत नाही. एकदा वापरलीस की पुढचा माल आपोआप बरा येतो.

एनसीआर (काय चुकलं त्याची लेखी नोंद) लिहिताना

'काँक्रीटचा दर्जा समाधानकारक आढळला नाही.' असलं वाक्य कधी लिहू नकोस. त्यावर बैठक होते, चहा होतो, एनसीआर बंद होतो. मी त्या रात्री हे लिहायला हवं होतं:

'रात्री २.१०. गाडी अनुक्रम ३७. ग्रिड सी-४. सुमारे ३ घनमीटर माल शिल्लक असताना ड्रायव्हरने नळीने पाणी मिसळले, अंदाजे एक ते दोन मिनिटे. आधीचा स्लंप ८०, नंतरचा १८०. माल ओतला गेला. या गाडीचा क्यूब नाही.'

यात कोणावर आरोप नाही, विशेषणही नाही. शेवटच्या वाक्यामुळे मात्र कोणाला तरी कोअर (पक्क्या काँक्रीटमधून कापून घेतलेला नमुना) काढायचा की नाही हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवणाऱ्याची सही लागते. होल्ड पॉइंट असेल तर सही झाल्याशिवाय पुढचं काम नाही. फोनवरून 'करून टाक, सही नंतर देतो' म्हणणारे भेटतील, मोठ्या हुद्द्याचे भेटतील. त्यांना नम्रपणे म्हण, "साहेब, एवढंच एका ओळीत व्हॉट्सअ‍ॅप करता का?" बहुतेक जण करत नाहीत, आणि काम सहीसाठी थांबतं. नम्रपणा मात्र खरा हवा. आणि दुसऱ्याच्या चुकीचा एनसीआर काढतोस तसा स्वतःच्या चुकीचाही काढ. माझ्याकडून थर्मामीटरची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती, मी स्वतःवरच काढला. त्या साइटवर नंतर मुकादमसुद्धा आपणहून येऊन सांगायचे, "साहेब, इथे जरा गडबड झाली हा."

खिशात काय ठेवायचं

टॉर्च, टेप, खडू आणि आरसा वर सांगितलेच. छोटी वही हवी, पानांना नंबर घातलेली, प्लास्टिकच्या पिशवीत. फोनवर लिहितो म्हणशील, पण ओल्या हाताने, हातमोज्यात, रात्री दोनला फोन चालत नाही. पेन्सिल हवी, कारण आपल्या पावसात बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही. रजिस्टरला मात्र शाईच लागते, म्हणून शिफ्ट संपायच्या आत पेन्सिलचं शाईत उतरवून काढ. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही कर, व्हाइटनर लावायचा नाही. पेन्सिलचं मूळ पान फाडू नकोस, खोडूही नकोस.

माझी त्या वर्षीची वही अजून माळ्यावर ट्रंकेत आहे. छत्तिसाव्या गाडीची ओळ आहे, अडतिसाव्याची आहे. मधे बोटभर जागा कोरी आहे.